पॅराशूटची घडी

“आय फोल्ड नाइसली, सर. टाय ऑलरेडी. कॅनॉट कम आउट अगेन लाह.”

कंटेनर डेपोचा सुपरवायझर लिम मला हे अभिमानाने सांगत होता आणि माझं डोकं तापत चाललं होतं. सिंगापुरात जुराँगच्या त्या शेडमध्ये आमच्यासमोर एक ड्रॅग रेसिंगची गाडी उभी होती. ब्रिटनमधल्या एका टीमची, पन्नासेक वर्षं जुनी. नळ्यांची लांबलचक चौकट, पुढे सायकलसारखी दोन किडमिडीत चाकं, मागे दोन अगडबंब, आणि ड्रायव्हरची सीट इंजिनच्याही मागे. असल्या गाड्यांना वळणं घ्यायची नसतात. पाव मैल सरळ, सुसाट जायचं आणि मग थांबायचं. तो वेग नुसत्या ब्रेकला आवरत नाही, म्हणून मागच्या बाजूला पॅराशूट असतं. ड्रायव्हरने लिव्हर ओढला की ते उघडतं आणि गाडीला मागे खेचून धरतं.

मी बावीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून. आता सिंगापुरात कार्गो सर्व्हेयर आहे. माल बघायचा, फोटो काढायचे, दिसलं ते लिहायचं. हात लावायचा नाही. ही गाडी ऑस्ट्रेलियात जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात पळायला चालली होती. वाटेत तिच्या कंटेनरचं छप्पर फाटलं, म्हणून ती दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवायची होती. हलवताना सर्व्हेयर हजर हवा, असं ठरलं होतं. मी पोहोचलो तेव्हा या मंडळींनी गाडी बाहेर काढूनही ठेवली होती.

इंग्लंडमध्ये गाडी भरतानाचे फोटो माझ्या फोनवर होते. त्यात पॅराशूटची पिशवी फुगलेली, ओबडधोबड दिसत होती. समोर मात्र ती चपटी, इस्त्री केल्यासारखी. मी विचारलं, तर लिमने काहीच लपवलं नाही. गाडी ढकलताना कुणाचा तरी हात लिव्हरला लागला आणि पॅराशूट भसकन बाहेर आलं. मग लिमने स्वतः बसून त्याची चादरीसारखी घडी घातली, पिशवीत सरकवली, पुन्हा उडू नये म्हणून तोंड केबल टायने करकचून आवळलं आणि वरून झाकण बसवलं. केबल टाय म्हणजे वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी. ती हाताने तुटत नाही.

मी झाकण उचलायला लावलं आणि फोटो काढला.

जहाजावर फुगणारा तराफा असतो, लाइफराफ्ट. तो पांढऱ्या डब्यात बंद असतो. चुकून उघडला, तर खुद्द कॅप्टनलाही त्याची परत घडी घालायची मुभा नाही. तो सर्व्हिस स्टेशनलाच जातो. घडी चुकली हे कळतं तेव्हा माणसं पाण्यात असतात. मी हे लिमला सांगितलं. तो कावराबावरा झाला. “नोबडी टेल मी, सर,” म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्यावरचा माझा राग तिथेच उतरला.

दुसरा राग मात्र अजून यायचा होता. निखिल माझा बॉस, पुण्याचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ऑफिसात मला ‘सर’ म्हणतो आणि मंडळाच्या गणपतीत ‘काका’. मी फोनवर त्याला सगळं सांगितलं आणि त्याने ‘काका’ म्हणून सुरुवात केली, तेव्हाच मी सावध झालो.

“काका, रिपोर्टमध्ये पॅराशूटचं नका ना घेऊ. सुस्थितीत आहे, एवढं लिहा.”

“ते बांधून टाकलंय, निखिल. उघडणार नाही.”

“अहो, ते लोक पळवायच्या आधी चेक करणारच. प्रोफेशनल टीम आहे. डेपो आपला जुना क्लायंट आहे, उगाच त्यांचं नाव खराब होईल.”

“आणि नाही केलं चेक तर?”

“करतील हो. असं कोण सोडेल?”

“तू बसशील त्या गाडीत?”

“आता तुम्ही पर्सनल घेताय, काका.”

“हो, घेतोय. सुस्थितीत म्हणून मी सही करणार नाही. तुला करायची तर तू कर.”

सही करायची त्याचीही छाती नव्हती. मला अजून चीड येते ती याचीच. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात एसीत बसून, गाडी न बघता, एका अनोळखी माणसाच्या जिवाबद्दल हा ‘करतील हो’ म्हणून मोकळा होतो. पुन्हा मीच हेकट ठरतो!

मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. गाडीच्या स्टिअरिंगला लाल टॅग बांधला: पॅराशूट डेपोत उघडलं, परक्या माणसाने भरलं, बांधलं आहे, वापरू नका. टीमची ड्रायव्हर मॉरीन नावाची साठीपुढची बाई आहे. तिला फोटोसकट मेल पाठवला. “आभारी आहे, बघते,” एवढंच उत्तर आलं.

दोन आठवड्यांनी तिचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला. फोटोतला टाय तिने कापला, तर आत दोऱ्यांभोवती आणखी एक निघाला. तो मलाही दिसला नव्हता.

मी विचारलं, “माझा मेल नसता, तर तुम्ही पिशवी उघडली असती?”

ती म्हणाली, “नाही. आमच्याकडे तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. घरून निघताना मीच भरली होती. मी कशाला उघडेन?”

तिचं बोलणं मी निखिलला शब्दशः लिहून पाठवलं. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्या डेपोच्या सर्व्हेला हल्ली दुसरा माणूस जातो.

पुढचा बघेल असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पुढचा बघत नाही, कारण ते काम त्याने स्वतः चोख केलेलं असतं.