चौकोनांचा खेळ

वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वास आला की मला कॉलेज रोडवरचा सायबर कॅफे आठवतो. तेव्हा आई लहानसहान गोष्टी विसरू लागली होती आणि आपलंही आजीसारखंच होणार, या धास्तीने खचली होती. तिला धीर यावा म्हणून मी तिथे स्मरणशक्तीचा एक खेळ लावून दिला. कॉम्प्युटरवर काही चौकोन क्षणभर उजळायचे. कोणते, ते आठवून दाबायचं. आई सारखी चुकत होती. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" तिने माउस सोडून दिला. "सरक, मला बसू दे," सोबत आलेले बाबा म्हणाले. त्यांचा माउसचा बाण बरोबर चौकोनावर जाऊन थांबायचा आणि मग शेजारी सरकायचा. "अगं, मी तर तुझ्याही मागे!" आई खळखळून हसली. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा आई म्हणाली, "मुद्दाम हरत होते, दिसत होतं मला. म्हणून तर मी हसले."