तांबी आहे का?

"काय गं, तांबी काढायला गेली होतीस म्हणे?"

वहिनींनी हे विचारलं ते पॅकिंगच्या टेबलाच्या त्या टोकावरून. वहिनी म्हणजे आमची मालकीण. आवाज असा, की बारवी धरणातल्या माशांनीही माना वळवल्या असतील. हॉल बायकांनी भरलेला, शिवाय टेम्पोत खोकी चढवणारे दोन बाप्ये. माझ्या हातातला अगरबत्तीचा पुडा हातातच राहिला. बाप्ये हसले. एक तर खोकं खाली ठेवून हसला.

हल्लीच्या मुलींना हा शब्द कळत नाही. नर्सबाई कॉपर टी म्हणते. आमच्या आयांच्या तोंडी मात्र तांबीच. तांब्याची तार गुंडाळलेली एवढीशी वस्तू, दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात. 'तांबी बसवली' हे बाई जावेच्या कानात सांगायची, तेही पदराआडून.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तो शब्द हजेरीसारखा घ्यायचे. नवी बाई आली की नाव, गाव, तांबी आहे का. आहे म्हणणारी कायम. नाही म्हणणारी सुटी, बोलावलं तर ये. निम्म्या खोटं बोलायच्या. सुमनमावशीची पन्नाशी उलटलेली, तरी वहिनी दर दिवाळीआधी तिलाही विचारायच्या. मावशी गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "आहे, वहिनी. चकाचक."

माझी खरी होती. मुलगी रांगायला लागली तेव्हा वहिनींनी स्वतःच्या एसी गाडीतून ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझी वरात निघाल्यासारखी अख्ख्या हेंद्रेपाड्यातली पोरं मागे धावली. सासू म्हणाली, देवमाणूस आहे बाई. मला तेव्हाच शंका आली. आमच्या चहात साखर घालताना जिचा हात थरथरतो, ती माझ्यासाठी पेट्रोल जाळते ते काय माझ्या पुण्याईवर?

पण बसले गाडीत.

यंदा मुलगी शाळेत जायला लागली. आम्हा दोघांना वाटलं, आता दुसरं हवं. मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले, रिक्षाने. म्हटलं, काढून द्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. मोबाईल उचलत म्हणाल्या, "वहिनींना विचारलंस का?"

नवऱ्याशी बोलले होते. सासूला सांगितलं होतं. कुलदेवीच्याही कानावर घातलं होतं. वहिनी तेवढ्या राहिल्या होत्या.

"आधी विचार, मग ये," बाई म्हणाल्या. मी जिना उतरेपर्यंत फोन गेला असणार.

आणि दुसऱ्या दिवशी हे. सगळ्यांसमोर.

सुमनमावशी पुटपुटली, "नाही गेले म्हण. काय जातंय तुझं?"

तेव्हा एकदम सगळं जुळलं. ती गाडी, तो एसी, तो देवमाणूस. माझ्या कुशीला कारखान्याचं कुलूप होतं आणि मी त्याबद्दल आभार मानले होते.

मी पुडा खाली ठेवला.

"गेले होते. परत जाणार आहे. दुसरीकडे."

"मग कामाचं काय?" वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. "तुझ्याच भल्यासाठी विचारते हो."

"काम हातांनी करते, वहिनी. हे बघा, दोन्ही आहेत."

बाप्ये खोकी उचलून निघून गेले. बायका माना खाली घालून पुडे भरायला लागल्या. एकही माझ्या बाजूला आली नाही. मी बऱ्याच गोष्टी फुगवून सांगते. ही नाही.

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात काढून घेतली. तिथल्या नर्सने एवढंच विचारलं, "तुम्हालाच काढायची आहे ना?" मी दोनदा 'हो' म्हटलं. बसवताना हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता मी सुटी. परवा बोलावलं म्हणून गेले, तर मांजर्लीची एक नवी मुलगी आलेली, हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी. वहिनींनी विचारलं, "तांबी आहे का?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला अर्थ सांगितला. मोठ्याने, बाप्यांदेखत. मग म्हटलं, "आहे म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. कशाला विचारता, एवढंच विचार."

तिने विचारलं. वहिनी मला म्हणाल्या, "तू उद्यापासून येऊ नकोस."

मी येणार. आत नाही घेतलं तर गेटवर उभी राहीन आणि प्रत्येक नवीला आत शिरण्याआधी गाठीन. माझं दुसरं होवो, न होवो. त्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर यापुढे कोणीही द्यायचं नाही.