हिने सोडलं!

कालिंदीच्या नोकरीचं ऐकलं की नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

"म्हणजे दिवसभर गेम खेळायचा?"

"हो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात."

"बरंय बाई!"

ह्या 'बरंय बाई'त काय काय भरलेलं असतं ते कालिंदीला चांगलं ठाऊक होतं. पोरीच्या पाठीचं असं होऊन बसलं, फोर्टमधली नोकरी गेली, जमत आलेलं लग्न मोडलं, आता बसलीय खेळत, बसू दे बिचारीला. असल्या लोकांना कालिंदी उत्तर देत नसे. उत्तर देण्याइतका वेळ तिला धड उभं राहवत नसे आणि धड बसवतही नसे.

स्टुडिओ म्हटल्यावर उगाच काचेच्या भिंती डोळ्यांपुढे आणू नका. लालबागमध्ये मिरची कांडपाच्या दुकानावरचा पोटमाळा, तीन खुर्च्या, एक चटई आणि मोठा टीव्ही, संपला स्टुडिओ. चटई कालिंदीसाठी, कारण तासाभरानं तिला आडवं व्हावंच लागे. कोड लिहिणारा स्वप्नील तिच्याच चाळीतला, तिला ताई म्हणायचा. गेमची कल्पना आणि चित्रं मेघनाची. ती शिवाजी पार्कची, बोलणं एकदम पुस्तकी, पण भांडायला उभी राहिली की कुणाला ऐकायची नाही. दोघांनी मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्यांवर लाथ मारून हा उद्योग मांडला होता आणि कालिंदीला घेतलं होतं ते गेम मोडायला. खरंच, मोडायला! खेळून खेळून त्यात कुठे काय फसतंय ते शोधायचं.

गेमचं नाव 'गडबड गोविंदा'. आठ जणांनी मिळून खेळायचा, एका खोलीत बसून नाहीतर आपापल्या घरून. प्रत्येकाची एकेक लाडवासारखी गोल बाहुली. बाहुल्यांनी खांद्यांवर चढून थर लावायचे आणि वर टांगलेली हंडी फोडायची. पण हंडी जिच्या हाताला लागेल ती एकटीच जिंकणार. म्हणजे शेजारणीला धरल्याशिवाय भागत नाही आणि पाडल्याशिवाय जिंकता येत नाही. एका बटणानं धरायचं, दुसऱ्यानं गुदगुल्या, तिसऱ्यानं पाण्याचा पाइप. नुसता हलकल्लोळ! तरी कुठेतरी पाणी मुरत होतं. खेळायला बोलावलेली माणसं दहा मिनिटं हसायची आणि मग मोबाईल काढायची.

"काय कमी पडतंय गं?" मेघनानं एकदा वैतागून विचारलं.

कालिंदी चटईवर उताणी पडली होती. तिथूनच म्हणाली, "थर पडतो, पण कोणामुळे पडला ते कळत नाही. कळलं की भांडणं होतील. भांडणं नाहीत तर मजा कसली?"

स्वप्नील खुर्चीतून उठलाच. "ताई, कमाल!"

आठवड्याभरात गेमचा नूर पालटला. थर कोसळला की पडदा थांबायचा, सगळं पडणं उलटं होऊन हळूहळू परत दिसायचं, आणि जिनं पहिल्यांदा हात सोडला तिच्या बाहुलीला गाढवाचे कान फुटायचे. मागोमाग मोठ्ठी पाटी, 'हिने सोडलं!' आणि गाढवाचं रेकणं. लोक हसून लोळायला लागले, एकमेकांना उशा मारायला लागले. परदेशातल्या एका गेम-प्रकाशकानं तर तेवढ्यावरच बोलणी पुढे नेली. कालिंदीलाही आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, कारण जे तोंडातून काढायची सोय नव्हती ते ती आता बिनधास्त पडद्यावर ओरडत होती.

सोय का नव्हती, ते सांगायला पाहिजे.

कालिंदी लालबागच्या महिला गोविंदा पथकातली. अंगानं काडी, म्हणून सगळ्यांत वर तीच चढायची. पथकाचे प्रशिक्षक बाबुराव, बोलायला तिखट, पोरींवर जीव टाकणारा माणूस. त्यांचा एकच कडक नियम होता. थर पडला की 'कोणी सोडलं?' हा प्रश्न विचारायचा नाही. सरावात नाही, घरी नाही, हसण्यावारीसुद्धा नाही. थर पडला तर तो सगळ्यांचा पडला. जी विचारेल तिनं त्या वर्षी पायरीवर बसून बघायचं. दर्शना म्हणून एक होती, तिला त्यांनी खरंच बसवलं होतं. ते म्हणायचे, एकीचं नाव घेतलं की ती उद्यापासून येत नाही, आणि ज्या येतात त्या शेजारणीच्या हाताकडे बघत चढतात. लालबाग-परळच्या सगळ्याच पथकांत हे असतं असं मी म्हणत नाही, पण ह्यांच्यात होतं आणि पोरींनी ते अंगात मुरवलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या गोपाळकाल्याला पाचव्या थरावर उभ्या असलेल्या कालिंदीचा हात मडक्याला लागला, तेवढ्यात खालून काहीतरी सैल झालं. पुढचं तिला आठवतं ते हॉस्पिटलचं छत. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, मणका नाही वाचला. ऑपरेशन झालं, पट्टा आला, लंगडणं आलं. पथकातल्या सगळ्या जणी भेटायला आल्या, रडल्या. कोणी सोडलं हे मात्र कोणी बोललं नाही आणि कालिंदीनं विचारलं नाही. तिला त्याचा अभिमान होता. आपण नियम पाळला, आपण कोणावर डूख धरला नाही, असं ती स्वतःलाच सांगायची.

आणि तिला विचारायची गरजही कधी वाटली नाही, कारण देविका होती ना! देविका तिची शाळेपासूनची मैत्रीण, पथकात तिसऱ्या थरावर असायची, लग्न करून भोईवाड्यात गेलेली. कालिंदी अंथरुणाला खिळली तेव्हा देविकानं तिला न्हाऊ घातलं, भांडं दिलं, केस विंचरले. सख्खी बहीण नाक मुरडेल अशी कामं केली. पुढे कालिंदी हिंडूफिरू लागली तरी दर मंगळवारी ऑफिस सुटलं की देविका यायची, तेल कोमट करायची आणि तिची पाठ चोळून द्यायची. कालिंदीची आई येईल-जाईल त्याला सांगायची, "मैत्रीण असावी तर अशी."

तर अशा ह्या कालिंदीला काय बुद्धी झाली बघा! गेम बाहेर पडायच्या आधी मोठ्या घोळक्यात खेळून बघायचा होता, तेव्हा तिनं आपलं जुनं पथकच बोलावलं. रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत, कॅरमबोर्ड बाजूला सारून, टीव्ही लावून. पोरी आल्या, वडे आले, बाबुरावही प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. कालिंदीला वाटलं, खरे थर लावणाऱ्यांना हे खोटे थर बघून मजा वाटेल. खेळ तो खेळ, त्याचं कोण मनाला लावून घेतंय?

पहिल्यांदा दर्शनाला कान फुटले. खोली दणाणली! एवढी वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न टीव्हीच विचारत होता आणि टीव्हीच उत्तर देत होता. पोरी किंचाळत होत्या, "दर्शने, गाढवे!" दुसऱ्यांदा देविकाला कान फुटले. ती हसली. तिसऱ्यांदा पुन्हा देविका. "देवे, तुझा हात काय तुपात बुडवलाय काय गं?" कोणीतरी ओरडलं. देविका हसली, पण नुसतं तोंड हसलं. चौथा डाव सुरू झाला तेव्हा तिनं ते धरायचं बटण इतकं दाबून ठेवलं होतं की बोटं पांढरी पडली होती. बटण एवढं दाबून काही होत नाही, बाकीच्यांनी मिळून पाइप मारला आणि थर आडवा झाला. पडणं उलटं होऊन हळूहळू दिसायला लागलं. वरची बाहुली, तिच्याखालची, तिच्याखालची. पाटी यायच्या आधीच देविका उठली.

"मला कणीक मळायचीय," ती म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. चपला धड न घालताच ती खाली उतरली.

मागे टीव्ही एकटाच रेकत राहिला. बाबुराव म्हणाले, "बंद करा ते. ताबडतोब बंद करा." आणि कोणाकडेही न बघता निघून गेले. पोरी वडे गुंडाळायला लागल्या. तेवढ्यात मेघना कालिंदीच्या कानाशी येऊन म्हणाली, "किती रंगले गं सगळे! हे चालणार, बघ."

"मेघना, तू जरा गप्प बसशील?" कालिंदी इतक्या जोरात खेकसली की स्वप्नीलनं वायर गुंडाळायचं थांबवलं.

त्या दिवसापासून कालिंदीच्या डोक्यात भुंगा शिरला. तेव्हा देविकाचा हात सुटला ह्याचं तिला त्या घडीला काहीच वाटत नव्हतं. सुटतो हात, माणूस आहे. तिला कुरतडत होतं ते वेगळंच. ते न्हाऊ घालणं, ते भांडं देणं, चार वर्षांचे ते मंगळवार, ते सगळं काय होतं? माया होती की भरपाई? मायाच असेल तर जगातली सगळ्यांत मोठी गोष्ट आपल्याकडे होती. भरपाई असेल तर आपल्याकडे काहीच नव्हतं, नुसती एक घाबरलेली बाई दर आठवड्याला येऊन आपली पाठ चोळत होती.

मंगळवारी देविका आली नाही. फोन उचलला नाही. आईनं तेल कोमट करून ठेवलं होतं ते गार झालं. कालिंदीनं पट्टा आवळला, खाली उतरली, टॅक्सी केली आणि भोईवाड्यात जाऊन देविकाचे दोन जिने चढली. वर पोचेपर्यंत तिला ब्रह्मांड आठवलं.

देविका एकटीच होती, गवार मोडत बसली होती. कालिंदीला बघून उठली, तिच्यासाठी पाठीला टेकू असलेली खुर्ची ओढली. ती सुद्धा सवयीनंच.

"तूच ना?" कालिंदीनं विचारलं.

"हो."

"माझी पाठ चोळायचीस ती कशासाठी गं? खरं सांग. मैत्रीण म्हणून, की..."

देविकानं पटकन उत्तर दिलं नाही. पटकन 'मैत्रीण म्हणून' म्हणाली असती तर कालिंदीनं तिथेच गवारीचं ताट भिरकावलं असतं.

"मला नाही माहीत," देविका म्हणाली. "सुरुवातीला भीतीनं यायचे. नंतर सवयीनं. मग वाटायचं, ह्या मंगळवारी ही विचारेल आणि मी सांगून मोकळी होईन. तू विचारलंच नाहीस कालिंदी. एकीनंही नाही विचारलं. तुम्ही सगळ्यांनी एवढं सांभाळून घेतलंत मला की साधं 'चुकलं' म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाहीत."

कालिंदीला हे ऐकायचं नव्हतं. आपण न विचारून केवढा मोठेपणा केला, असं ती धरून चालली होती आणि इथे त्या मोठेपणाखाली ही बाई चार वर्षं गुदमरली होती.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "का सोडलंस?"

देविकाच्या हातात गवारीची शेंग तशीच होती. "टी-शर्ट वर चढला होता माझा. पाठ, पोट सगळं उघडं पडलं होतं. खाली ती माणसं मोबाईल वर करून काढत होती. एकजण काहीतरी घाण ओरडला, बाकीचे हसले. दोघींच्या खांद्यावर माझे दोन हात. मी एक काढला, टी-शर्ट खाली ओढला आणि परत धरायला गेले. तर धरायला कोणी नव्हतंच."

कालिंदीला ती माणसं माहीत होती. दर वर्षीची. चढताना तिनं स्वतः किती वेळा कपडा खाली ओढला होता त्याला गणती नव्हती, फक्त ती वर एकटी असायची, तिचे हात मोकळे असायचे. ती मटकन खुर्चीत बसली. पाठीतून कळ गेली.

"तुझ्या जागी असते तर मीही ओढला असता," ती शेवटी म्हणाली.

देविकाचे डोळे भरून आले.

"थांब, एवढ्यात रडू नकोस. माझं झालं नाही अजून. मला तुझा राग आलाय. आत्ता आलाय, भयंकर आलाय. हे दोन्ही खरंय आणि मला त्याचं काय करायचं ते कळत नाहीये."

"मग घाल ना शिव्या," देविका म्हणाली. "घाल गं एकदाच्या!"

आणि कालिंदीनं घातल्या. मूर्ख म्हणाली, भित्री म्हणाली, आणखी काय काय म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही. मला पाण्याची बादली उचलता येत नाही, ओरडली. चपलेचा बंद लावायला आईला वाकावं लागतं, ओरडली. तो मुलगा निघून गेला, त्याच्या आईनं हॉस्पिटलात येऊन माझा पाय उचलून बघितला, ओरडली. टी-शर्टसाठी गं, एवढ्याशा टी-शर्टसाठी! आवाज फाटला तरी थांबली नाही. देविका भिंतीला टेकून ऐकत होती, रडत होती, आणि मध्ये एकदाही 'पण' म्हणाली नाही.

गॅलरीत बायका जमल्या. शेजारच्या काकू हात पुसत थेट दारात आल्या.

"देविका, काय झालं गं? कोण ही? काय एवढा तमाशा?"

देविकानं पदरानं तोंड पुसलं.

"काही नाही काकू," ती म्हणाली. "ही माझी मैत्रीण. मी हिला पाडलं होतं. तेच बोलतोय आम्ही."