हाक सापडेना झाली तेव्हा

"आबा, जुना इंडेक्स मोडायला लागणार हाय," सून म्हणाली आणि मी दचकलो.

बायको कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेली. तिथं जमीन कवा हलंल सांगता येत नाही. आमच्या गावातही मांडणीवरची भांडी नुसती वाजली तरी ती सगळ्यांना अंगणात काढायची. हादरा थांबला तरी आत जाऊ द्यायची नाही, मागनं दुसरा येतो म्हणायची. मी तिला हसायचो. ती गेली, आता तसा दचकणारा मी झालोय.

पोरगा फौजेत. ती त्याला फोनवर बोलून निरोप पाठवायची. जेवलास का, म्हैस व्याली, थंडी हाय का तिकडं. ती गेल्यावर सुनेनं ते सगळे निरोप गोळा केले. सून सांगलीकडची, फटकळ. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. तिनं एकेक निरोप ऐकून लिहून काढला आणि कॉम्प्युटरवर अशी सोय केली, की माझ्या फोनवर एखादा शब्द लिहिला की तो शब्द असलेले निरोप समोर येतात. दाबलं की आमच्या हिचा आवाज. हे सगळं रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत केलेलं, आणि शोधायचं काम एका लायब्ररीवर चालतं. लायब्ररी म्हणजे पुस्तकं नव्हं, परक्या माणसानं आयतं लिहून ठेवलेलं काम.

मी चौथी शिकलेला. एकच शब्द लिहायचो, आवं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढं बायकोनं माझं नाव कधी घेतलं नाही. पोराशी बोलता बोलता मधेच मला ओरडायची, "आवं, म्हशीला पाणी दाखवा की!" त्या निरोपांत मी आहे तो एवढाच.

"कशाला मोडायचा?" मी विचारलं.

"लायब्ररीची नवी आवृत्ती आलीया. जुनी आता चालत न्हाई, आन् नवीला जुना इंडेक्स वाचता येत न्हाई. परत बांधायचा."

"आन् न्हाई बांधता आला तर?"

"आवाज निराळ्या जागी हायत, त्यास्नी कोण हात लावतंय? इंडेक्स म्हंजी कुठं काय हाय त्याच्या खुणा नुसत्या."

"खुणा पुसल्यावर मानूस सापडंल का?"

ती हसली. "पोरगं सरहद्दीवर धाडलं, तवा न्हाई घाबरला ते?"

"तवा ही होती घाबराया."

मग ती हसली नाही. कामाला लागली. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी पळायला लागल्या. मी तिच्या मागं उभा, माझ्या चहावर साय धरली तरी कप उचलला नाही. झालं म्हणाली. मी फोन घेतला, आवं लिहिलं.

काहीही सापडलं नाही.

परत लिहिलं. तेच. चितेला पाठ करून निघालो होतो, तेव्हासारखं झालं.

"घालवलीस तिला," मी सुनेला म्हणालो.

तिचं तोंड उतरलं. माझ्या हातातून फोन घेऊन तिनं 'म्हैस' लिहिलं. निरोप आले. 'जेवलास' लिहिलं. आले. 'थंडी' आली. सगळं जिथल्या तिथं होतं, नुसतं आवं नव्हतं. माझी भीती काही कमी झाली नाही. बायकोच्या बोलण्यातनं मला एकट्यालाच कुणीतरी उचलून नेलं होतं.

नव्या आवृत्तीत काय काय बदललंय ते लायब्ररीवाल्यांनी लिहून ठेवलेलं असतं. सुनेनं ते आता बसून वाचलं.

"सापडलं, आबा. जो शब्द समद्यात सारखा सारखा येतो, त्यो नवी आवृत्ती बिनकामाचा धरती. आनि, पन, मग, ह्यांच्या संगं तुमची हाक बी गाळली तिनं."

"सारखा येतो म्हनून बिनकामाचा?"

"मशिनीला काय ठावं, कोन कुनाला हाक मारतंय. ते गाळणं बंद करते. पर परत मोडून बांधाया लागंल."

परत मोडायचं. या वेळी मी पडद्याकडं बघितलंच नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून बसलो. आता काय जाईल, हाच घोर.

"लिवा," सून म्हणाली.

"तूच लिव," म्हणालो. तिनंच लिहिलं आणि पहिला आला तो निरोप दाबला. पोराशी काहीतरी डाळीचं बोलणं चाललेलं. मग भांडी वाजली. मग आमची ही, जीव खाऊन, "आवं, भाईर या! आदी भाईर या!"

मी अंगणात होतो. अनवाणी. उठलो कवा, उंबरा ओलांडला कवा, कळलं नाही.

सून मागनं धावत आली. "आबा, जुना हाय त्यो निरोप. आत्ता काय हाललं न्हाई."

"ठावं हाय."

"मग?"

"तिनं बोलावलं, आलो."

तिनं चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्या.

"पुढची आवृत्ती कवा यायची?" मी विचारलं.

"कवा बी. सांगून थोडीच येतीया. या आत."

"तू जा," म्हणालो. मी अंगणातच बसून राहिलो.