माझी नणंद आणि नऊ शेपटांची कोल्हीण

माझ्या नणंदेइतकं दुसऱ्याला दमवणारं माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचं नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाही, खरोखर दमून म्हणते. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी दिवसभर साकेत नगरातल्या मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, संध्याकाळी पाय ओढत घरी येते, आणि चपला काढायच्या आत ताई दारातच विचारतात, "मंजू, एक सांग. तू राजकन्या असतीस आणि तुझ्या अंगात ड्रॅगन शिरला असता, तर तू आधी सासूला सांगितलं असतंस की नवऱ्याला?" आता या प्रश्नाला सुशिक्षित बाईने काय उत्तर द्यावं? मी म्हणते, "ताई, आधी चहा घेऊ द्या हो." त्यावर त्या विचारात पडून मान हलवतात. "बरोबर आहे. तिनेही आधी चहाच घेतला."

ताई म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. त्यांचे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले ते इथलेच झाले, पण घरातलं "करून राहिली, जाऊन राहिली" मात्र शाबूत आहे. ताईंनी लग्न केलं नाही. टी. टी. नगरातल्या एका मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडे आठ दिवस राहायला आल्या. ते आठ दिवस अजून चालू आहेत. कादंबरी वाचणारी बाई म्हणजे जिच्या घरी भांड्यांना मोलकरीण आहे अशी बाई, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या स्वतः फार तर नकाशांचं पुस्तक चाळायच्या. पण एका पावसाळ्यात त्यांना चिकनगुनिया झाला, नकाशांचं पुस्तक हातात पेलवेना, तेव्हा माझ्या मुलीने, इराने, स्वतःचं एक पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं. "आत्या, ये पढ़ ना. टाइमपास होईल तुझा." इरा तेव्हा आठवीत होती आणि तिच्या वयाच्या पोरींसाठी लिहिलेल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांनी तिचं कपाट भरलेलं होतं. सगळ्या एकाच जातीच्या. चीन, जपान, कोरिया इकडच्या जुन्या गोष्टींवरून रचलेलं एखादं राज्य, मुखपृष्ठावर तलवार घेतलेली पोरगी, मागे हा एवढा चंद्र, आणि चंद्राला विळखा घालून बसलेला ड्रॅगन. ताप उतरला, सांधे सुटले, तरी ताई खोलीबाहेर येईनात. मी वरणभात घेऊन गेले, तर म्हणाल्या, "ठेव तिकडे. पट्टराणीने विष कालवलंय, आत्ता जेवण सुचायचं नाही."

तेव्हापासून आमच्या घरी जे सुरू झालं ते काय सांगू. मुळात बाई भूगोलाची. गोष्ट वाचता वाचता त्या राज्याचा नकाशा मनात मांडायच्या आणि लेखिकेची उलटतपासणी घ्यायच्या. "ही नदी उत्तरेकडे वाहून राहिली, आणि उत्तरेला हिने डोंगर ठेवला आहे. हिला भूगोल कोणी शिकवला?" आमचे हे एकदा म्हणाले, "ताई, अगं पोरीच्या पोटातून ड्रॅगन निघतो ते चालतं तुला, आणि नदी नाही चालत?" ताईंनी चष्मा काढून भावाकडे असं पाहिलं की हे आपोआप ताठ बसले. "ड्रॅगन असू शकतो," त्या म्हणाल्या. "नदी डोंगर चढू शकत नाही." याच भावाने दुसऱ्यांदा चूक केली ती त्या पुस्तकांना सरसकट "तुझी ती चायनीज पुस्तकं" म्हणून. जपानचा कोल्हा वेगळा, कोरियाचा वेगळा, चीनचा त्याहून वेगळा, आणि तुला कोणी नागपूरकर आणि मद्रासी एकच म्हटलं तर खपेल का, असा तास त्यांनी घेतला. वरण गार झालं. मी जागच्या जागी पेंगत होते, तर मलाही त्यांनी एक प्रश्न विचारला.

ज्ञान नुसतं डोक्यात ठेवणं ताईंना मान्य नव्हतं. चहातलं दूध गेलं. पिवळसर गरम पाणी दोन्ही हातांनी धरून त्या गॅलरीत बसायच्या आणि सिलिंडरवाला आला की त्याला कमरेतून वाकून नमस्कार करायच्या. तो बिचारा दोनदा मागे वळून बघायचा की पाठीमागे कोणी मोठा साहेब उभा आहे का. मग विणकामाच्या सुयांनी पोहे खायचं ठरलं. पोह्यांवर भोपाळी पद्धतीने शेव आणि जीरावन मसाला, आणि हातात दोन सुया. शेवेचा एकेक तुकडा तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर माझी लॅबला निघायची वेळ व्हायची. नऊ शेपटांची कोल्हीण माणसाच्या रूपात कधीही दारी येईल, तिला उपाशी पाठवू नये, म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात रोज दूधभाताची वाटी. ती वाटी गल्लीतली एक मांजर दिवसाढवळ्या साफ करायची. मी ते दाखवलं, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "शेपटं मोजलीस का नीट?" एवढ्यावर थांबल्या असत्या तरी माझी तक्रार नव्हती. पण एकदा बाजारात मंचुरियनच्या ठेल्यावर त्यांनी त्या पोरसवद्या माणसाला गाठून विचारलं की त्याचे पूर्वज कोणत्या नदीच्या खोऱ्यातले. तो कढई हलवत म्हणाला, "मैडम, हम तो यहीं पास में सीहोर के हैं." ताईंना मनापासून वाईट वाटलं. परतताना मला म्हणाल्या, "लपवत असेल गं. निर्वासितांना सांगवत नाही."

आता तुम्ही म्हणाल की एवढं सहन केलंत कशाला? इरासाठी केलं. ती नववीत गेली आणि आमच्याशी बोलायची बंद झाली. खोलीचं दार लागलेलं, कानात ती इयरफोनची बोंडं, काही विचारलं की "कुछ नहीं आई, यार प्लीज." पण रोज दिवेलागणीला दार उघडायचं आणि ती पुस्तक घेऊन आत्याच्या पलंगावर जाऊन बसायची. त्यांचा नेम ठरलेला होता. एक प्रकरण आत्याने मोठ्याने वाचायचं, एक इराने, आणि एकीने दुसरीला सोडून पुढे एक ओळही वाचायची नाही. गळ्याची शपथ घेतलेली, दोघींनी एकमेकींचे गळे धरून. ताई इंग्रजी वाचायच्या ते हजेरी घेतल्याच्या सुरात, आणि मध्येच आपलं मराठी घालायच्या. "आणि मग युवराज म्हणाला, चालती हो माझ्या महालातून. मेला!" इरा खिदळायची. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या दोघी फक्त पुस्तकातल्याच गोष्टी बोलत नाहीत. इरा विचारायची, "आत्या, समज राजकन्येच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने तिला एकदम इग्नोर केलं, तर तिने काय करायचं?" असं काही त्या पुस्तकात नव्हतं, हे ताईंनाही ठाऊक होतं आणि मलाही. ताई पुस्तक मांडीवर उपडं ठेवून म्हणायच्या, "राजकन्येने आधी पोटभर रडून घ्यायचं, मग जेवायचं. मग बघू मैत्रिणीकडे." माझी मुलगी त्या वर्षांमध्ये सुखरूप राहिली ती अशी. आई म्हणून मला ते लागलंही, खोटं कशाला बोलू. पण माझ्याच्याने ते झालं नसतं. मी संध्याकाळी सातला कोणाच्याही अंगातल्या ड्रॅगनशी बोलायच्या अवस्थेत नसते.

मग बारावी झाली आणि इरा पुण्याला कॉलेजात गेली. नेमकं त्यांच्या सगळ्यात लाडक्या मालिकेचं शेवटचं पुस्तक यायचं राहिलं होतं. राजकन्या कड्यावर उभी आहे, कोल्हीण जखमी आहे आणि पुस्तक संपलं, असा प्रकार. ताई म्हणाल्या, "हरकत नाही, दिवाळीला येशीलच." श्रावणात ते पुस्तक घरी आलं. ताईंनी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. आणि त्याचा त्रास मला! येता-जाता उसासे. "काय झालं असेल गं तिचं?" मी म्हणायचे, "बघा ना मग उघडून, कोण बघायला बसलंय?" "शपथ आहे," त्या म्हणायच्या. इराचे फोन तोवर कमी झाले होते. आत्याशी बोलायची, पण "हां आत्या, हां, बाद में बात करते," एवढंच. ताई फोन ठेवून म्हणायच्या, "अभ्यास करून राहिली असेल." एकही शब्द तक्रारीचा नाही. त्या बाईंनी काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. मी एक दिवस लॅबच्या जिन्यात उभं राहून इराला फोन केला आणि सांगितलं की दिवाळीत मैत्रिणींबरोबर कुठे जायचं ठरवू नकोस, आत्या ते पुस्तक घेऊन वाट बघतेय. ती म्हणाली, "आई, वो तो मैंने कब की पढ़ ली. हॉस्टेलमध्ये सगळ्या वाचत होत्या, माझ्याच्याने राहवलं नाही." मी जिन्यातच खाली बसले. "आत्याने सच में नहीं पढ़ी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझा गळा धरला होता ना तिने."

दिवाळीला इरा आली. उंच वाटली, केस कापलेले. फराळाचं ताट हातात देईपर्यंत मी तिच्याकडे बघत होते की ही आता काय करते. ती सरळ फळीकडे गेली, पुस्तक काढलं आणि म्हणाली, "चल आत्या, पहिलं प्रकरण तुझं." दुपारभर दोघी गॅलरीत उन्हाला पाय करून बसायच्या. मी चकल्या तळता तळता कान देऊन होते. माझ्या मुलीने काय नाटक केलं म्हणून सांगू! युवराज उलटला तेव्हा "हॉ!" करून तोंडावर हात. पट्टराणी मेली तेव्हा टाळी. "आत्या, आता ही काय करेल गं? तुला काय वाटतं?" आणि ताई आपले अंदाज बांधायच्या, ते साफ चुकायचे, आणि इरा म्हणायची, "हो ना, मलापण असंच वाटलं होतं." शेवटाला ती कोल्हीण राजकन्येसाठी जीव देते, तिथे दोघी रडल्या. मी कढईवर उभी राहून तळण जाळलं. मनात म्हटलं, चला, निभावलं पोरीने. ताईंना पत्ताही नाही.

इरा पुण्याला परत गेली त्या दुपारी मी आणि ताई उरलेला चिवडा डब्यात भरत होतो. ताई एकदम म्हणाल्या, "तिने आधीच वाचलं होतं." मी चिवड्याचा डाव खाली ठेवून विचारलं, "कशावरून?" "जन्म गेला माझा शाळेत," त्या म्हणाल्या. "जिला पुढचं माहीत नसतं ती पान उलटायची घाई करते. ही थांबत होती. माझं होऊ देत होती." मी काहीतरी सारवासारव करायला लागले, हॉस्टेलमध्ये सगळ्या मुली वाचत होत्या, पोरवय आहे. त्यांनी हातानेच मला गप्प केलं. "रागावले होते गं मी पहिल्या दिवशी. शपथ म्हणजे शपथ. उठून जावं असंही वाटलं. पण मग त्या कोल्हिणीच्या पानावर आलो ना आम्ही. मीच वाचत होते. अजून तर तिला बाण लागायचा होता, मला काय ठाऊक पुढे काय लिहिलंय, आणि हिने माझा हात धरला. दोन ओळी आधी, मंजू. मला वाईट वाटणार म्हणून आधीच." ताईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "आता ही पुस्तकं तिच्या उपयोगाची नाहीत. संपलं तिचं. मोठी झाली आपली पोरगी." मी विचारलं, "मग तिला सांगणार का, तुम्हाला कळलं म्हणून?" "वेडी की काय?" त्या म्हणाल्या. "इतकं छान केलं तिने."

ताईंनी नंतर एक नवी मालिका धरली आहे. यात म्हणे समुद्राखाली एक राज्य आहे आणि मोत्यांची शेती करणाऱ्या पोरीला राजाचा शाप उतरवायचा आहे. पण आता त्या मनातल्या मनात वाचतात. पलंगावर एका बाजूला सरकून, शेजारी जागा सोडून. परवा मी कामावरून आले, हातपाय धुतले आणि त्या सोडलेल्या जागेवर जाऊन आडवी झाले. म्हटलं, "ताई, मोठ्याने वाचा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू दमून आलीस. झोप लागेल तुला." मी म्हटलं, "लागू दे." त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. राजवाड्याच्या पायऱ्या उतरून ती पोरगी समुद्रापर्यंत पोहोचली की नाही मला माहीत नाही, मला त्याआधीच डोळा लागला. पण मधूनच जाग आली तेव्हा त्या वाचतच होत्या, हजेरी घेतल्याच्या सुरात, आणि आवाज थोडा हळू केला होता.