प्रार्थना कोरलेला डबा

लेकीची, अनन्याची स्कूल बस नुकतीच गेली होती. गॅसवर पोहे वाफेला ठेवून उपासना डिशवॉशर लावत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. अमेरिकेतल्या या नोव्हाय गावात मेसेज केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. असं येणारं माणूस एकच, शेजारचे हेनिंगकाका.

काका जर्मनीतल्या उमराव घराण्यातले. युद्धात जमीनजुमला गेला, तेव्हा चार वर्षांचा हा मुलगा आईचं बोट धरून पायी निघाला. विशीत ते अमेरिकेला आले, सैन्यात भरती झाले. व्हिएतनामहून परतल्यावर घरात जीव रमेना, म्हणून पाठीला सॅक लावून सहा वर्षं देशोदेशी भटकले. त्या भटकंतीवर त्यांनी एकच पुस्तक लिहिलं. उमराव म्हणून कोणी विचारलं नाही, निदान लेखक म्हणून तरी विचारा, अशी ते स्वतःचीच थट्टा करत.

आज त्यांच्या हातात पोचे आलेला स्टीलचा डबा होता. पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती. १९७४ साली वर्ध्याजवळच्या एका खेड्यात ते तापाने फणफणले, तेव्हा एका बाईने चार दिवस त्यांना ज्वारीच्या कण्या भरवल्या आणि निघताना या डब्यात भाकरी दिली. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं म्हणजे वाटसरूसाठीची प्रार्थना, असं काकांनी लिहिलं होतं. शेवटचं प्रकरणच त्यावर होतं. आता त्या प्रार्थनेचा अर्थ त्यांना छापायचा होता.

उपासनाने डबा खिडकीशी धरला आणि अक्षरं वाचली. असले डबे तिच्याही फडताळात होते, सासूबाईंच्या नावाचे. पन्नास वर्षं या माणसाने हे उराशी धरलेलं. 'सुखरूप जा' असं काहीतरी सांगून टाकणं सोपं होतं. पण ते छापलं गेलं असतं, त्यांच्या नावावर.

तिने त्यांना बसवलं, चहा पुढे केला.

"काका, ही प्रार्थना नाही. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, पंगतीत अदलाबदल होऊ नये म्हणून. इथे लिहिलंय, शोभना मोरेश्वर भगत, मामांकडून. तिच्या लग्नातला आहेर आहे हा."

काका त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. चहावर साय धरली.

"चार दिवस तिच्या हातचं खाल्लं," ते म्हणाले, "आणि नाव नाही विचारलं. सगळ्या पुस्तकात ती नुसती 'एक बाई' आहे."

आता हे प्रकरणच काढून टाकतात की काय, असं उपासनाला वाटलं. पण काकांनी खिशातून पेन काढलं आणि फ्रिजवरचा किराण्याचा कागद मागून घेऊन तो उलटा केला.

"मला तिचं नाव लिहायला शिकव," ते म्हणाले. "तिच्या अक्षरांत."