अक्का बसायच्या ते खोकं

मी ज्यांच्यामुळे कुणीतरी झालो, त्या इंदूअक्का गेल्या. साताऱ्यात कंपनीच्या फोनवर निरोप आला, तेव्हा माझं सामान बांधून तयार होतं... मी त्यांच्याकडेच निघालो होतो.

अक्कांचा खोक्यांचा कारखाना माधवनगरचा. त्यांच्या यजमानांनी तो गिरण्यांसाठी लाकडी पेट्या ठोकण्यापासून सुरू केला. ते अकाली गेले, गिरण्यांचं काम आटलं, तेव्हा सातवी शिकलेल्या अक्का पदर खोचून शेडमध्ये उभ्या राहिल्या. पुढे पंपांच्या पेट्या केल्या आणि नव्वदनंतर द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी. त्याच सुमारास मी कडेगावकडच्या खेड्यातून बी.कॉम. होऊन आलो, घरातला पहिलाच पदवीधर. सर्टिफिकेट पुढे केलं, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. खिळा सरळ ठोकता येतो का?" मी नाही म्हणालो. "खरं बोलतोस. उद्यापास्नं ये."

नव्या मापाचं पहिलं खोकं विकायचं नाही, हा त्यांचा रिवाज. ते रिकामंच चिकटवून दाराशी ठेवायचं आणि अक्कांनी दिवसभर त्यावर बसून कारभार बघायचा. संध्याकाळपर्यंत खोकं दबलं नाही, तरच माल बाहेर जाई. द्राक्षांच्या पहिल्या खोक्यावर त्या ऐन मे महिन्यात बसल्या. ते जरासुद्धा हललं नाही. पण कोल्ड स्टोरेजच्या ओलीत त्याच मापाची खोकी मऊ पडली आणि खालचे थर चेपले. तासगावचे बागायतदार बापू दारात येऊन गरजले, "आवं अक्का, द्राक्षं पाठवली हुती, नुसता रस आला की!"

"गोड तरी हाय का?" अक्कांनी विचारलं. बापूंना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "फुडच्या हंगामाची खोकी माझ्याकडनं. चूक माझी हाय. मी कोरड्यात बसले."

त्यानंतर त्या खोक्यावर ओलं गोणपाट टाकून बसू लागल्या. लुगडं भिजायचं, कामगार तोंड फिरवून हसायचे. "हसा गड्यांनो, पर खोकं भिजू देऊ नका," असं त्याच म्हणायच्या. ओलीत टिकणारा पुठ्ठा सापडेपर्यंत त्यांचा खोकला काही गेला नाही.

पुढे त्यांनीच मला साताऱ्याच्या मोठ्या कारखान्यात धाडलं. "हितं जे न्हाई, ते तिथं शीक." मी शिकलो, कायम झालो, मंगलशी लग्न करून संसार मांडला. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. त्यांचा पुण्याचा मुलगा कारखाना बंद करून शेड गोदामाला द्यायची म्हणत होता. "तू चालवशील का रं? चालवणार असशील तर मी त्याला न्हाई म्हणते. न्हाईतर माणसांना दुसरीकडं लावून देते. आत्ता बोलू नगंस. घरात इचार, मग लिही."

मी लिहिलं. त्यांना मिरजेला दवाखान्यात हलवलं, त्याच दिवशी पत्र पोचलं म्हणतात. नंतर ते त्यांच्या उशाखाली सापडलं, फोडलेलं. पण चष्मा घरीच राहिला होता आणि पत्र वाचून दाखवल्याचं कुणालाच आठवत नाही. मुलानं मात्र शेड दिली नाही. आईनं शेवटी हातानं नको नको केलं, एवढंच तो सांगतो. ते शेडसाठी होतं की औषधासाठी, त्यालाही ठाऊक नाही.

आता मी इथं, माधवनगरच्या शेडमध्ये आहे. दाराशी खोकं आहे, त्यावर कुणी बसत नाही. सकाळी कुलूप काढतो तेव्हा गोणपाट ओलं असतं. कोण भिजवतं, हे मी विचारलेलं नाही... विचारवत नाही.

ते पत्र असं होतं :

"ती. अक्कांना सा. नमस्कार. घरात बोललो. मंगल म्हणते, साताऱ्याची हवा तिला मानवत नाही. खोटं आहे, पण माझ्यासाठी म्हणते. राजीनामा दिला. पुण्याला नाही म्हणून कळवा. सोमवारी निघतो. गाडी बदलून यायचं, पोचायला उशीर होईल. दार नुसतं लोटून ठेवा. तुम्ही झोपा."